पाठमोरा बसलेला अकरावा

बँकेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते मी फार छान लिहितो म्हणून नव्हे. या बँकेत अख्खी नोकरी काढून रिटायर झालेले, अजून चालते-फिरते आणि दुपारचे रिकामे असे आम्ही दोघंच उरलो आहोत, आणि दुसऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मॅनेजर मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, “काका, चारच पानं हवीत. त्यात दोन फोटो येतील.” म्हणजे साठ वर्षांना जेमतेम तीन पानं. तरी मी हो म्हणालो. बायको म्हणाली, “तुमाले कोनी काई विचारलं की तुमी नाई म्हनूच नका.”

स्मरणिकेचं निमित्तही विचित्र होतं. बँकेला साठ वर्षं पूर्ण होत होती आणि त्याच महिन्यात ती शहरातल्या एका मोठ्या बँकेत विलीन होणार होती. बारसं आणि तेरवी एकाच मांडवात. महिनाअखेरीला नव्या बँकेची माणसं येऊन पाटी बदलणार, काउंटर बदलणार, भिंती रंगवणार आणि भिंतींवरचं सगळं उतरवून मागच्या खोलीत टाकणार, असं ठरलं होतं. मागच्या खोलीत गेलेली वस्तू परत कोणाच्या नजरेला पडत नाही. मी स्वतः तीस वर्षं तिथं वस्तू टाकत आलो आहे, तेव्हा हे छातीठोकपणे सांगू शकतो.

मला चौकशीची खोड आहे. लहानपणी मी इतक्यांदा ‘काहून’, म्हणजे ‘का’, विचारायचो की आई म्हणायची, याले शाळेत नका घालू, मास्तर पळून जाईल. नोकरीत ही खोड दाबून ठेवावी लागली, कारण बँकेत काहून विचारायचा हक्क फक्त ऑडिटरला असतो. आता मात्र रान मोकळं होतं. मी लोखंडी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि जुन्या वह्या काढून बसलो.

काही गोष्टी लगेच सापडल्या. आमची बँक रविवारी उघडी आणि सोमवारी बंद असते, ती आठवडी बाजार रविवारचा म्हणून, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पहिली दोन वर्षं ती फक्त रविवारीच उघडायची, हे मलाही माहीत नव्हतं. तेव्हा ती बँकही नव्हती, पतपेढी होती, आणि धानाच्या गिरणीमागच्या एका खोलीत भरायची. पहिल्या सभावहीची पानं मी झटकली तर शिवणीतून कोंडा पडला. साठ वर्षांपूर्वीचा कोंडा. मी तो बोटावर घेऊन बराच वेळ पाहत बसलो आणि मॅडम माझ्याकडे पाहत बसल्या.

मग त्याच वहीत ती ओळ दिसली. पहिल्याच कर्जवाटपाच्या सभेची नोंद होती. ‘अर्ज पुष्कळ व शिल्लक थोडी असल्याने कोणास आधी द्यावे यावर वाद झाला. अखेर क्रम ठरविण्याचे काम पाठमोऱ्याकडून करून घेतले. सर्वांस मान्य.’ पुढच्या दोन सभांतही तेच, ‘क्रम पाठमोऱ्याकडून.’ चौथ्या सभेच्या समासात तपासनिसाची लाल शाई होती, ‘ही रीत नियमांत बसत नाही. बंद करावी.’ त्यानंतर पाठमोरा वहीतून गेला तो गेलाच.

आता हा पाठमोरा कोण? हुद्दा म्हणावा तर कुठल्या नियमात नाही. आडनाव म्हणावं तर आमच्या तालुक्यात नाही. मी मॅडमना विचारलं. त्या नागपूरच्या, वय तिशीच्या आत. म्हणाल्या, “काका, गूगल करा ना.” मी गूगलही केलं. गूगलला आमच्या गिरणीमागची खोली माहीत नसावी.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता, कारण पाठमोरा माणूस मी एकदा पाहिला होता. त्याला मी विसरलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे त्याची आठवण आली की मी विषय बदलत असे.

बँकेत शिरलं की समोर, कॅशियरच्या डोक्यावर, एक काळापांढरा फोटो आहे. पतपेढी सुरू करणाऱ्यांचा. पाच जण खुर्च्यांवर, पाच मागे उभे. मधल्या खुर्चीत माझा मोठा काका, मिशा अशा की जणू पतपेढी त्या मिशांनीच काढली. मला नोकरी कशी लागली याचं उत्तर त्या खुर्चीत आहे, तेव्हा कोणी ते मला वेगळं विचारू नये.

मूळ फोटोत दहा नव्हते, अकरा होते. उजव्या कडेला, खाली सतरंजीवर, एक माणूस सगळ्या जगाकडे पाठ करून बसला होता. अंगात बंडी, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, तोंड भिंतीकडे. त्याच्यामागे जमिनीवर तीन पांढरे डाग होते, फोटो खराब झाल्यासारखे. तो कोण, हे मला मोघम ठाऊक होतं. तलावावरच्या ढीवरांपैकी होता, मासे धरणाऱ्यांपैकी, आणि त्यानं ढीवरवाड्यातून घरटी भागभांडवल गोळा करून आणलं होतं. तो पाठ करून का बसला याबद्दल गावात एकच गोष्ट सांगितली जायची. त्याला खुर्ची दिली नाही म्हणून रुसला. रुसला तो इतका रुसला की फोटोवाल्यालाही तोंड दाखवलं नाही.

बँकेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा कारकून होतो. काका जाऊन चार वर्षं झाली होती. समारंभाला मंत्री यायचे होते आणि फोटो नव्या फ्रेममध्ये बसवायचं काम माझ्याकडे होतं. मी फोटो पाहिला आणि मला राग आला, अगदी तरुणपणी येतो तसला, दुसऱ्याच्या वतीनं येणारा राग. माझा काका ताठ बसलाय, समोर पाहतोय, आणि हा कडेला पाठ दाखवून बसलाय. मंत्री विचारतील हा कोण, काय सांगायचं? मी बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे गेलो. हा म्हातारा देवादिकांच्या तसबिरी करायचा, काच कापायचा, बोलायचा कमी. मी म्हणालो, “एवढा कापून टाका.”

तो फोटोकडे पाहत राहिला. “मानूस कापाचा?”

“हो. फोटो खराबच आहे तिथं.”

“बरं,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी फ्रेम आली. दहा माणसं, नीट मधोमध. समारंभ झाला. पाठमोऱ्याला जाऊन तोवर पुष्कळ वर्षं झाली होती. दहांतले तिघे तेव्हा हयात होते. त्यांतल्या एकानं हार घालून घेताना वर फोटोकडे पाहिलं आणि मला विचारलं, “तो ढीवर कोठं गेला?” मी म्हणालो, कडेनं फोटो खराब झाला होता, काढावा लागला. तो काही बोलला नाही. पेढा कागदात गुंडाळून नातवासाठी खिशात ठेवला आणि खाली उतरला. त्याचं ते न बोलणं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. नंतर कधी बरं वाटलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. ती नवी फ्रेम भिंतीला कधी नीट टेकलीच नाही. उजवी बाजू बोटभर पुढे राहायची. आमचा शिपाई रोज सकाळी ती दाबून बसवायचा आणि दुपारपर्यंत ती परत पुढे आलेली असायची. त्या फटीत एका पालीनं पिढ्यान् पिढ्या संसार केला. तीस वर्षं मी त्या फ्रेमखालून ये-जा केली, आणि चौकशीची एवढी खोड असलेल्या मला, ती बाजू काहून फुगलीय, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

तर असा हा पाठमोरा माझ्या डोक्यात होता, आणि वहीतला पाठमोरा समोर होता, आणि दोघं एकच की काय हे विचारायला फोटोतलं कोणी जिवंत नव्हतं. मॅडमनी स्मरणिकेसाठी एक संदेश व्हॉट्सॲपवर सोडला होता. संस्थापकांच्या कुटुंबीयांनी फोटो व आठवणी घेऊन यावं. कोणाचा नातू पुण्याला, कोणाची नात नागपूरला, तिकडून अंगठे आले, हात जोडलेले आले, आठवणी काही आल्या नाहीत.

आणि एका बुधवारी सकाळी, बँक उघडल्या उघडल्या, एक बाई आली. सत्तरीला टेकलेली, काटक, नऊवारी नेसलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. अड्याळच्या पलीकडून दोन बसगाड्या बदलून आली होती. संदेश तिच्या नातवानं वाचून दाखवला होता. ती काउंटरवर गेली नाही. सरळ फोटोसमोर उभी राहिली आणि बोटानं एकेक माणूस मोजू लागली. दहावर बोट थांबलं. तिनं परत पहिल्यापासून मोजलं.

मॅडमनी तिला माझ्या टेबलाशी आणून बसवलं. “आजी, हे काका इतिहास लिहिताहेत. यांना सांगा.”

“मले सांगाचं नाई, इचाराचं हाय,” ती म्हणाली. “भाऊ, पेढी काढली तवा माहा बाप होता का नोता, एवढं तुमच्या वहीत पाहून सांगा.”

मी म्हणालो, पाहतो बाई, पण तुम्हाला नक्की काय पाहिजे? आणि तिनं सांगितलं. तिचा बाप तलावावरचा ढीवर. ती पाचसहा वर्षांची असताना त्यानं घरी येऊन सांगितलं, पेढीत माझा फोटो निघाला, बड्या लोकांबरोबर. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता, कधी निघालाही नाही. ती दहा वर्षांची झाली त्या साली तापानं गेला. पुढं तिचं लग्न झालं, तिनं सासरी सगळ्यांना सांगितलं की आमच्या बाबाचा फोटो बँकेत आहे. मग कधीतरी, पोरगा कामाचा झाला तेव्हा, ती त्याला मुद्दाम आजा दाखवायला घेऊन आली. पोराला उभं केलं आणि मोजलं. दहा. त्यांत बाप नाही.

“पोरगा हासला,” ती म्हणाली. “घरी जाऊन सांगतलं त सारेच हासले. आताबी कोनी जास्तीची बढाई मारली त आमच्या घरी म्हनतेत, आज्याचा फोटू हाय गड्या. मी कवाच काई बोलली नाई. पन मले रातभर वाटत राह्यते, माहा बाप खोटा बोलला का? तो कवाच खोटा बोलत नोता, भाऊ. आता बँक जाऊन राह्यली म्हनतेत. मंग मी कोनाले इचारू?”

हे सगळं तिनं तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. रेशनकार्डात नाव चढवायला आलेली माणसं सांगतात तसं, क्रमानं सांगितलं. मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला, खरं तर मलाच हवा होता. आणि वेळ काढायला म्हणून, त्याहून जास्त त्या किड्यापायी, मी विचारलं, “बाई, पण तुमचे वडील फोटोत पाठ करून काहून बसले होते?”

ग्लास तिच्या हातातच राहिला. ती माझ्याकडे पाहत होती.

“पाठ होती हे तुमाले कसं मालूम?” ती म्हणाली. “मी त सांगतलं नाई.”

पस्तीस वर्षं दडवलेली गोष्ट मी स्वतःच तिच्यापुढे मांडली होती, तीही चौकशीच्या हौसेनं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती मांजरानं स्वतःच बांधून घेतली. आता खोटं बोलायचं असतं तर बोलता आलं असतं, वहीत वाचलं म्हणून सांगता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण तिच्या बापाला तीस वर्षं खोटं पाडून झालं होतं, त्यावर आणखी एक खोटं ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

“बाई, ते फोटोत होते,” मी म्हणालो. “मीच कापायला सांगितलं.”

मॅडमनी कीबोर्डवरचे हात उचलले. मला वाटलं आता बाई ओरडेल, आणि ओरडावं असं मनापासून वाटत होतं. ती ओरडली नाही. तिनं ग्लास खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “तुकडा कोठं हाय?”

“माहीत नाही. फ्रेमवाल्यानं फेकला असंल.”

“बरं,” ती म्हणाली. मग वर फोटोकडे पाहून, “पन होता.”

“होते.”

“म्हंजे खोटा नोता बोलला.”

“नाही बाई. खोटं कोणी बोललं असंल तर मी बोललो.”

तिनं मान हलवली. माफी नाही, राग नाही, फक्त हिशेब ऐकून घ्यावा तशी मान हलवली. मग तिनं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मला वाटलं होतं आता तो प्रश्न वाहून गेला. ढीवरांच्या घरी प्रश्न वाहून जात नसावेत.

“पाठ काहून होती म्हनता? तो पाठमोरा नाई बसला त वाटे कोन करन?”

तिनं सांगितलं ते असं. उन्हाळ्यात तलाव आटत आला की सगळी घरं मिळून एकदम जाळी टाकतात. जे मासे निघतात त्यांचे काठावर ढीग लावतात, घरं तेवढे ढीग. आता ढीग कितीही मोजून लावा, एकात मोठा मासा जातो, एकात बारके झिंगेच जास्ती येतात. कोणता ढीग कोणाचा यावरून डोकी फुटतील. म्हणून एकाला ढिगांकडे पाठ करून बसवतात. दुसरा एका ढिगावर काडी ठेवतो आणि विचारतो, “हा कोनाचा?” पाठमोऱ्याला काही दिसत नाही. तो नाव पुकारतो. ज्याचं नाव, त्याचा ढीग, मग रडायचं नाही. असं करत करत शेवटी एक ढीग उरतो. तो पाठमोऱ्याचा. त्याचं नाव कोणी पुकारत नाही.

“आनं मधात पलटला त सारे वाटे मोडतेत,” ती म्हणाली. “पुना पहिल्यापासून करा लागते.”

मी सभावही पुढे ओढली. ती ओळ आता आरशासारखी स्वच्छ होती. आमच्या शेतकरी घरांत वाटणी मापानं होते आणि मापावरून भांडणं होतात. त्या दिवशी दहा जण दहा जातीगोतांची ओढाताण करत होते, पतपेढी पहिल्याच सभेत मोडायला आली होती, आणि सतरंजीवर बसलेल्या अकराव्यानं म्हटलं असणार, आमच्यात असं करतात. मग अर्जांचे क्रम चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर मांडले. एकजण चिठ्ठीवर काडी ठेवत गेला, आणि हा भिंतीकडे तोंड करून नावं पुकारत गेला.

“आनं फोटूवाला मधातच आला,” बाईनं सांगितलं. “बाबा घरी सांगे. तीन चिठ्ठ्या रायल्या होत्या म्हने. सारे उठून खुर्च्यांवर बसले. मले म्हनतेत, पलट गड्या. मी कसा पलटू? पलटलो त साऱ्याइचे नंबर मोडले. मी म्हनलो, काढा फोटू, मी असाच बसतो.”

“त्यांचाही अर्ज होता का?”

“होता न. नायलानचं जाळं घ्याचं होतं. उरल्या चिठ्ठीत त्याचा नंबर आखरी निघाला. सालभर जुनंच जाळं सिवत राह्यला.”

मॅडम मधेच उठल्या. बहुतेक त्यांना रडू येत होतं आणि ऑफिसात ते बरं दिसत नाही असं त्यांना वाटत असावं. त्या म्हणाल्या, “काका, फोटो स्कॅनला तसाही काढायचाच आहे. आत्ताच काढू.” शिपाई सुटीवर होता. मी स्टूल घेतलं आणि चढलो. बायकोनं पाहिलं असतं तर माझी त्या दिवशीची भाकर बंद झाली असती. फ्रेम खिळ्यावरून काढली, पाल एकदा माझ्याकडे पाहून ट्यूबलाइटमागे गेली, आणि फ्रेम उलटी करून टेबलावर ठेवली.

मागचा पुठ्ठा उजव्या बाजूला फुगलेला होता. मी खिळे पकडीनं काढले. पुठ्ठ्याखाली जुना पेपर, पेपराखाली फोटोची पाठ. आणि तिच्यावर, एका बाजूनं, चार बोटं रुंदीची जाड पट्टी. मी तिला नख लावलं. ती सुटी नव्हती. फोटोलाच जोडलेली होती.

फ्रेमवाल्यानं माणूस कापला नव्हता. त्यानं तो दुमडला होता.

मला एकदम त्याचं ते ‘बरं’ आठवलं. ‘कापतो’ असं तो म्हणालाच नव्हता. देवांच्या तसबिरी करणाऱ्या माणसाला फोटोतल्या माणसावर कातर चालवणं जमलं नसावं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या साहेबाशी हुज्जत घालणंही जमलं नसावं. दोन्ही टाळून त्यानं आपलं काम केलं आणि पैसे ठरलेलेच घेतले. मी त्याला कधी धन्यवाद दिले नाहीत. आता द्यायला तो नाही, त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

पट्टी मॅडमनी उलगडली, अगदी हळू. घडीवर कागद तडकला होता, वरून खालपर्यंत एक पांढरी रेघ गेली होती. बाकी सगळं शाबूत होतं, उजेड न लागल्यामुळे उरलेल्या फोटोपेक्षा जास्तच काळंभोर. बंडी, दुपट्टा, सतरंजीची किनार. आणि त्याच्यामागे जमिनीवर ते पांढरे डाग, ज्यांना मी फोटोची खराबी समजलो होतो. आता नीट पाहिलं. घडी घातलेले कागद होते. चिठ्ठ्या. त्यांच्या शेजारी एक काडी पडली होती, फोटोला बसायच्या घाईत कोणीतरी हातातून टाकलेली.

बाई उठून उभी राहिली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, फोटोला घाम लागू नये म्हणून, आणि डावीकडून मोजायला लागली. माझ्या काकावर आली तेव्हा तो तिसरा होता. धा म्हणून ती थांबली. मग रेघेपलीकडे बोट ठेवून म्हणाली, “अकरा.” तिचे डोळे भरून आले होते, माझेही. ते लपवण्यात काही अर्थ नव्हता.

मॅडमचं तरुण डोकं. त्या म्हणाल्या, “आजी, आता मोबाइलवर चेहरासुद्धा बनवून मिळतो. तुमच्या मुलाचा, नातवाचा फोटो द्या, त्यावरून आजोबांचा चेहरा तयार करू. स्मरणिकेत छापू.” त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं होतं.

“नको बाई,” ती म्हणाली. “मोबाइलनं त्याले कोठं पाह्यलं? ह्याच पाठीमांगून चालत मी बाजाराले जाऊ. तो फुडं, जाळं खांद्यावर, मी मांगं. तोंडाची मले आता ओळख राह्यली नाई, खरं सांगतो. पाठ हजारात ओळखतो. हा खांदा पाहा, उजवा, कसा उतरला हाय. हा माहा बाप हाय.”

मग ठरलं ते तिथंच ठरलं. फोटो पुरता छापायचा, घडीच्या रेघेसकट. खाली नावं डावीकडून, अकराही. नवी बँक तो भिंतीवर ठेवणार नाही म्हणाली तर मूळ फोटो बाईकडे जाणार. मॅडमनी तसा कागद करून माझी आणि स्वतःची सही घातली. आणि स्मरणिकेत तो दुमडला का गेला हे मी माझ्या नावानं लिहीन, असं मी बोलून गेलो. लिहिलं. चारांची पाच पानं झाली, आणि मॅडमनी एकही ओळ कापली नाही.

त्याच दुपारच्या गाडीला मी, सभावही काखेतच घेऊन, बाईला स्टँडवर सोडायला गेलो. मोबाइलवर घेतलेला फोटो मॅडमनी छापून दिला होता, तो तिनं पिशवीत, टॉवेलाच्या दोन घड्यांमध्ये ठेवला होता. गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. तिनं मला विचारलं नव्हतं ते आता विचारलं.

“भाऊ, तुमी त्याले कापाले काहून सांगतलं होतं?”

साठ वर्षांचा इतिहास माझ्या काखेत होता, आणि त्यात या ‘काहून’चं उत्तर नव्हतं. मी खरं होतं तेच सांगितलं. “मले वाटलं, रुसून बसला.”

ती थोडी हसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाली, “रुसला मानूस आखरी वाटा घेते का, भाऊ?”